वजन टीमचं, साखर माझी

माझं वजन किती होतं ते मी इथं लिहिणार नाही. शाळेत, लग्नात, ऑटोत, सगळ्यांनी ते इतक्यांदा मोठ्यानं बोलून झालंय की आता मी कशाला बोलू? एवढंच सांगते, की नववीत असताना मी ऑटोत चढले की शेजारच्या बाया आपोआप सरकायच्या आणि वर सुस्कारा टाकायच्या.

हे लिहायला मला आमच्या दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं. म्हणाल्या, "तुझ्यासारख्या मुली येतात, त्यांच्या आया येतात. तू लिही, मी त्यांना वाचायला देईन." मी म्हटलं, लिहीन, पण गोड गोड लिहिणार नाही. 'आजाराशी झुंज' वगैरे वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडं जावं. आजारानं मला फसवलं नाही. तो रक्तात जे होतं ते दाखवत होता. फसवलं माझ्या माणसांनी, आणि तेही लाड करत करत.

मी बडनेऱ्याची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, एकुलती एक. बाबा रेल्वेत फिटर, आई घरी. आता मी बी.एस्सी.ला आहे. लिहिताना शाळेची भाषा येते, पण राग आला की घरची येईल. चालवून घ्या.

*

सुरुवात मानेपासून करावी लागेल. सहावीत असल्यापासून माझ्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा होता. आईला वाटायचं, मळ आहे. दर रविवारी ती मला मोरीत बसवायची आणि बेसन, लिंबू, मीठ, जे सुचेल ते लावून घासायची. "हात दुखले माहे, पन जाऊनच नाई राह्यलं. आंघोळ करतं का नुसतं पानी ओततं वो?" मान लालबुंद व्हायची, आग व्हायची, शाळेचा शर्ट टोचायचा. पट्टा तिथंच. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, धूत नाही ही. मलाही पटलं होतं की मी घाणेरडी आहे. दोन वेण्यांची एक वेणी केली आणि तिच्याखाली मान झाकायला शिकले.

नववी सुरू झाल्यापासून माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येईना. दिवसा वर्गात डुलक्या लागायच्या. दिवाळीनंतर आई मला अमरावतीला मॅडमकडं घेऊन गेली ती पाळीसाठी. मॅडमनी चार प्रश्न विचारले, मग खुर्चीवरून उठून माझ्या मागं आल्या आणि वेणी बाजूला केली. आई ओशाळली. "मॅडम, दर रविवारी घासतो बाप्पा तिची मान, पन..."

"घासू नका," मॅडम म्हणाल्या. "हा मळ नाही. शरीरात इन्सुलिन जास्त झालं की कातडी अशी काळी पडते. घासून कधीच जाणार नाही."

आई माझ्या मानेकडं बघतच राहिली. मी मात्र तिच्याकडं बघितलं, आणि खरं सांगते, मला आजाराचं काही वाटलं नाही. इतक्या रविवारांचा राग आला.

*

रक्त द्यायला उपाशी जावं लागतं. मग ग्लासभर साखरेचं पाणी प्यायचं, दोन तास बाकावर बसून राहायचं आणि पुन्हा हात पुढं करायचा. माझ्या हाताची शीर सापडत नसे. एक सिस्टर टोचून टोचून वैतागली. दुसरी सिस्टर आली, तिनं माझा हात दोन्ही तळव्यांत धरून ठेवला, ऊब दिली आणि म्हणाली, "लाजून राह्यली तुही नस. येईन येईन." आली. त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही, पण नंतर प्रत्येक वेळी मी तिलाच शोधायची.

रिपोर्ट आला. साखर अगदी काठावर, लिव्हरवर चरबी. मॅडम म्हणाल्या, "अजून डायबेटिस नाही. गोळी आत्ता देत नाही. साखर बंद, तळलेलं कमी आणि रोज खेळ. एकटीनं चालायला सांगितलं तर आठवडाभर चालशील. चारचौघींत खेळ, म्हणजे कंटाळा आला तरी त्या ओढून नेतील. दर तीन महिन्यांनी बघू. वाढत गेली तर मग गोळी सुरू करावी लागेल."

तुम्हाला एक गोळी म्हणजे काही वाटणार नाही. आमच्या मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या भावाची, सुरुवात गोळीनं झाली होती. मग इंजेक्शन, मग पायाचा अंगठा, मग अर्धा पाय. गोळी घेतली म्हणून पाय जातो असं नसतं, हे मला आज कळतं. तेव्हा नाही कळायचं. मला गोळी नको होती. दुसरं काहीच मागणं नव्हतं माझं.

घरात भांडणं सुरू झाली. बाबा दर शनिवारी अमरावतीहून तळून दह्यात भिजवलेला गिला वडा आणायचे, ते बंद झालं. मग ते तिकडंच खाऊन यायला लागले आणि दारातून आत येताच आई वास घ्यायची. "तुमच्याच घरचं हाय हे सारं. तुमचा भाऊ पाहा!" "अन् बेसनाचे लाडू कोन चारे तिले? मी?" मधे मी बसलेली, माझ्या ताटात भाकर आणि पालकाची पातळ भाजी. मला वाटायचं, मी नसते तर हे दोघं किती सुखात जेवले असते.

*

आमच्या क्वार्टरच्या मागं ग्राउंड आहे. तिथं शीतलताई संध्याकाळी पोरींना खेळवायची. ती आमच्याच कॉलनीतली, खेळाचं शिक्षण घेतलेली, नोकरीची वाट बघत असलेली. फी नाही, निवड नाही, येईल तिला घ्यायची. मी पहिल्या दिवशी ग्राउंडच्या कडेला उभी राहिले.

"काय पाहून राह्यली? ये आत."

"मले येत नाही."

"कोनाले येते? इथं साऱ्याच पडतात."

ताईच्या कबड्डीत एक नियम होता. आऊट झालेली पोरगी बसत नसे. तिनं ग्राउंडला एक चक्कर मारायची आणि पुन्हा आत यायचं. मी पहिल्याच चकरेत मधेच थांबले आणि गोलपोस्टपाशी ओकले. वाटलं, आता हसतील. मयुरी नावाची पोरगी आली, चार क्वार्टर सोडून राहायची, तिनं पायानं त्यावर माती लोटली, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "चाल, तुही बारी आली." बस्. याहून जास्त काही बोलली नाही.

जे मॅडमनी सांगितलं ते खरं निघालं. कंटाळा यायचा, पण मयुरी दारात येऊन ओरडायची, मग जावंच लागायचं. महिन्याभरात रात्री शांत झोप लागायला लागली. वर्गातल्या डुलक्या गेल्या. स्टेशनचा जिना मी न थांबता चढले आणि वर जाऊन उगाच खाली बघत उभी राहिले. पाळी आली. यातलं किती वजन उतरल्यानं झालं आणि किती आनंदानं, ते मॅडमना विचारा. मला एवढं कळलं की संध्याकाळी कुणीतरी आपली वाट बघतं, हे मी आधी कधी अनुभवलंच नव्हतं.

मग एके दिवशी ताईनं रस्सी आणली. एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात, अकोल्याला बायांची रस्सीखेच असते. वजनाची काही अट नसते, आठ बाया इकडे, आठ तिकडे. ताईच्या टीमला अकोल्यात लागोपाठ हार बसली होती आणि ते तिच्या फार जिव्हारी लागलेलं. तिनं मला सगळ्यांच्या शेवटी उभं केलं. "रस्सी काखेतून घे, पाठीवरून आन अन् टाचा रोव. मांगं रेल. हलजो नको." समोर तिनं नऊ-दहा पोरी लावल्या. त्यांनी ओढलं, दात-ओठ खाल्ले, एकीची चप्पल तुटली. मी हलले नाही.

"खुंटा हाय वो हा तं!" ताई ओरडली. साऱ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या. मीपण हसले. ज्या वजनापायी मी फोटोत मागं लपायची, त्याला कुणी टाळ्या वाजवत होतं. घरी येऊन आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, पुन्हा आईला सांगितलं.

*

पुढच्या रिपोर्टात साखर उतरली. वजनही उतरलं. मॅडमनी पाठीवर थाप मारली. मी घरी न जाता आधी ग्राउंडवर पळाले.

ताई म्हणाली, "मस्त!" मग म्हणाली, "वजन कितीनं उतरलं?" मी सांगितलं. "जयंती होईस्तोर आता उतरू नको देऊ, बाई," ती म्हणाली. मला वाटलं, मजाक करून राहिली.

पण त्यानंतर कबड्डी सुरू झाली की ताई म्हणायची, "तू बस. ताकद राखून ठेव. रस्सीच्या वेळी ऊठजो." जिच्या ग्राउंडवर कुणी बसत नसे, तिथं मी बाकावर बसायला लागले. मला वाईट नाही वाटलं. उलट ऐट वाटली. मयुरीनं एकदा विचारलं, "काहून बसून राह्यली तू?" मी म्हटलं, "ताईनं सांगितलं." विषय संपला.

मार्च लागला, ऊन तापलं. घरी गेलं की आई तांब्याभर सातू घोळून ठेवायची. गहू-डाळ भाजून दळलेलं पीठ, थंड पाण्यात. उन्हाळ्यात आमच्याकडं घरोघरी असतं. गोड लागायचं. मी पहिल्या दिवशीच विचारलं, "आई, यात साखर हाय का?"

"नाई वं. तुह्या गोळ्या घोटून टाकल्या." बाबांनी बिनसाखरेच्या गोडव्याच्या गोळ्यांची डबी आणून दिली होती, चहात टाकायला. म्हटलं, असेल. चहाही तसाच गोड, सातूही तसाच. आईला कोण दुसऱ्यांदा विचारतं?

दुपारी पुन्हा झोप यायला लागली. सलवारची नाडी आखूड पडायला लागली. ताई म्हणाली, "ताकद भरून राह्यली तुह्या अंगात." मी मानलं. दोघींचंही मानलं.

*

अकोला जिंकलं आम्ही. बडनेऱ्याहून रेल्वेनं गेलो, डब्यात गाणी म्हणत, आईही सोबत होती. संध्याकाळ झाली तरी जमिनीतून वाफा निघत होत्या. फायनलला अकोल्याचीच टीम. शिट्टी वाजली तेव्हा पहिल्या झटक्याला आमच्यातल्या पुढच्या दोघी घसरल्या. सगळा भार माझ्यावर आला. पाठीचं कातडं सोललं. मला फक्त ताईचा आवाज ऐकू येत होता, "खुंट्या, हलू नको! खुंट्या!" मी नाही हलले. मग आम्ही एकेक पाऊल त्यांना ओढून आणलं.

पोरींनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि सगळ्या एकमेकींवर पडल्या. अकोल्यात राहणारी माझी मावशी गर्दीत सांगत होती, "भाची हाय आमची." आई पदर तोंडाला लावून रडत होती. ढाल माझ्या हातात दिली होती.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता म्हणाल तर तोच. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्यांनी तो दिवससुद्धा माझ्याकडं धड राहू दिला नाही.

*

मे महिन्यात रिपोर्ट घेऊन बसलो. मॅडमनी तो दोनदा वाचला. साखर पहिल्यापेक्षाही वर गेली होती.

"काय खातेस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. भाकर, भाजी, वरण, सातू, चहात गोळी. बाहेरचं काही नाही. गिला वड्याकडं तर मी बघितलंसुद्धा नव्हतं.

"बाळ, असं नसतं होत. बाहेर काही खातेस का? मी रागावणार नाही, पण खरं सांग."

"नाही मॅडम. शपथ."

"माझ्याकडं सगळ्याच मुली शपथ घेतात. माझ्याशी खोटं बोलून नुकसान तुझंच आहे."

मला रडू फुटलं. मी आईकडं वळले. "आई, सांग ना. तू तं पाहतं ना मी काय खातो ते. सांग ना!"

आई टेबलाच्या पायाकडं बघत होती. मी तिचा हात हलवला. ती बोलली नाही. मॅडमनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की बघ, तुझी आईसुद्धा तुझ्या बाजूनं बोलू शकत नाही. मग त्यांनी चिठ्ठीवर गोळी लिहिली.

राजकमल चौकापर्यंत आम्ही चालत आलो. बडनेऱ्याच्या ऑटोत बसलो. मागच्या सीटवर आम्ही दोघीच होतो, तेव्हा आई बोलली.

"गोळ्या नव्हत्या टाकत मी."

मला आधी कळलंच नाही.

"साखरच टाको. सातूतबी, चहातबी. भाकरीच्या पिठात तूप मळो. शीतल आली होती घरी. म्हने, काकू, पोरगी उतरून राह्यली, अकोल्यात आमी कशाच्या भरवशावर उभं राहू? एवढी जयंती होऊ द्या, मंग मी सोता पळवतो तिले." ती पदराचं टोक पिळत होती. "आजलोक कोनी आलं का वो तुले मांगाले? साऱ्यायनं नावंच ठेवली. पयल्यांदा कोनी दारात येऊन म्हनलं, तुमची पोरगी पाह्यजे. मले नाई म्हनवलं नाई."

"अन् आत? मॅडम मले खोटी म्हणत होत्या तेव्हा?"

"घाबरली मी."

मी ऑटो थांबवला. नवाथे चौकापाशी उतरले आणि चालत निघाले. आई मागं येत होती, हाका मारत होती. सातू जाऊ द्या. साखर जाऊ द्या. पण मी हात धरून विचारलं, सांग ना, आणि ती टेबलाच्या पायाकडं बघत बसली!

*

ताईला मी दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर सगळ्यांसमोर विचारलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "जिंकलो ना आपन? तूबी तं नाचत होती."

"माही साखर वाढली, ताई. गोळी लागली मले."

"येवढ्या तेवढ्यानं काही होत नाही. दोन महिन्यांत उतरवून देतो तुले."

"तुले माहीत होतं. मी रिपोर्ट तुले आधी दाखवला होता, घरी जायच्या आधी."

तिनं शिट्टी वाजवून पोरींना कबड्डीला लावलं. माफी तिनं आजपर्यंत मागितलेली नाही. आता तिला नोकरी लागली आहे, दुसऱ्या गावी शाळेत मुलांना शिकवते. रस्त्यात भेटली तर "काय खुंट्या" म्हणते. मी थांबत नाही.

आता यातली सगळ्यात कडू गोष्ट ऐका. मला त्याच ग्राउंडवर परत जावं लागलं. बडनेऱ्यात पोरींना खेळायला दुसरी जागा नव्हती, आणि खेळल्याशिवाय माझी साखर उतरत नव्हती. आठवडाभर घरी बसून मी रुसले, आणि त्या आठवड्यात मला झोप येईना, जीव रमेना. मयुरी दारात येऊन म्हणाली, "ताईवर रुसली ना तू? माह्यावर काहून रुसली?" गेले. रस्सीला हात लावणार नाही म्हणून सांगितलं, आणि आऊट झाले की चक्कर मारायला लागले. ताईनं एकदा "बस" म्हटलं. मी पळतच राहिले.

घरी मी माझा स्वयंपाक वेगळा करायला लागले. माझं पीठ मी मळायची, माझा चहा मी ठेवायची. आई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून बघायची. बाबा म्हणाले, "मायवर इतका डाऊट घेतं का कोनी?" मी म्हटलं, "आधी घेतला असता तर बरं झालं असतं." त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. असे कितीतरी दिवस गेले. कुणी आजारी माणूस घरात असलं की घर एक होतं म्हणतात. आमचं नाही झालं.

ज्या आया हे वाचत असतील त्यांना सांगते. पोरीला खेळायला पाठवा, नक्की पाठवा. माझं शरीर खेळानंच वळणावर आलं, गोळीनं नंतर हात दिला. पण तिला कशासाठी घेतलंय हे एकदा ग्राउंडवर जाऊन बघा. आणि तिला पथ्य सांगितलं असेल तर तिच्या पाठीमागं ते मोडू नका, मायेनंसुद्धा नको. चोरून खाल्लं तर पोरीला निदान माहीत असतं. मला तेही माहीत नव्हतं.

*

दसऱ्याच्या आधी पुन्हा रक्त दिलं. तीच सिस्टर होती, नस एका झटक्यात सापडली. मॅडमनी रिपोर्ट उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला. साखर उतरली होती, लिव्हर सुधारलं होतं. गोळी थांबवून बघू, म्हणाल्या.

"मागच्या वेळी मी बोलले त्याचा फायदा झाला की नाही?" त्या हसून म्हणाल्या. "यावेळी प्रामाणिकपणे केलंस."

मी मान हलवणार होते. खरंच सांगते, मी मानून घेतलं होतं की हे आता असंच राहणार, दवाखान्याच्या लेखी मी खोटारडीच राहणार.

आई स्टुलावरून उठली. उभं राहायचं काही कारण नव्हतं, पण उभी राहिली.

"मॅडम, मांगच्या खेपीलेबी थे खरंच बोलत होती. साखर म्या टाकली. लपून टाकली. अन् तुमी तिले खोटी म्हनलं तवा मी इथंच बसली होती, या स्टुलावर, अन् गप राह्यली."

मॅडमनी पेन खाली ठेवला. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मी चुकले. तुझं ऐकायला हवं होतं मी." मी "ठीक आहे" म्हटलं, कारण डॉक्टरला दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

बाहेर आलो. जिन्यात आईनं माझा दंड धरला.

"सांगतलं ना आता," ती म्हणाली. "झालं ना?"

"नाही झालं, आई," मी म्हटलं. "त्या दिवशी सांगायचं होतं."

तिनं मान हलवली. हात सोडला नाही, मीही सोडवला नाही. बडनेऱ्याचा ऑटो भरत होता. आम्ही जाऊन बसलो.